‘पानी’ म्हणणारी मुलगी आणि संस्कृतची वर्णमाला

गेल्या उन्हाळ्यात सोनारीला आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी चार दिवस मुक्काम पडला. सोनारी म्हणजे परंडा तालुक्यातले काळभैरवनाथाचे गाव. बाहेरचे लोक येतात ते देवळासाठी, आणि परत गेल्यावर बोलतात ते तिथल्या माकडांविषयी. आमचे येणे भावाकडे आणि वस्तीतल्या विहारात. कार्यालयात वर्षभर आवक-जावक रजिस्टर भरून मान मोडते, तेव्हा सोनारीतल्या लिंबाखालची बाज हीच आमची थंड हवेची जागा.

या खेपेला घरात वातावरण तंग होते. आमची पुतणी सातवी पास झाली होती. ती बाहेरगावच्या शाळेत एस.टी.ने जाते. त्या शाळेत आठवीला संस्कृत घेता येते. पूर्ण १०० गुणांचे, नाही तर हिंदीबरोबर ५०-५० गुणांचे संयुक्त. निकालाच्या दिवशी शाळेने एक अर्ज हातात दिला होता आणि त्यावर पालकाची सही हवी होती. पोरीला संस्कृत हवे होते. दादा सही करीत नव्हते.

“काका, तुमीच सांगा ना दादांना,” ती म्हणाली. मग हळूच पुढे म्हणाली, “पर बाई म्हनल्या, आधी ‘पाणी’ म्हनायला शिक, मग संस्कृत घे. समदा वर्ग हसला.”

ती ‘पानी’ म्हणते. तिची आई ‘पानी’ म्हणते, आजी म्हणायची. खरे सांगायचे तर आम्हीही घरात ‘पानी’च म्हणतो आणि कार्यालयात ‘पाणी’ म्हणतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला वर्गात उभे राहून उतारा वाचताना आमच्या तोंडून ‘लोनी’ गेले होते. तेव्हा मागच्या बाकावरून आलेला हशा अजून कानात आहे. म्हणून पोरीचे बोलणे ऐकून आम्हाला त्या बाईंचा राग आला, पण नवल वाटले नाही.

दादांचे कारण वेगळे होते. ते म्हणाले, “आरं, ज्या भाषेनं आपल्या कानात तापलेलं शिसं वतायला सांगितलं, ती भाषा आपल्या घरात कशापायी? पाली शिकंल ना ती.”

दादांचे म्हणणे हवेतले नाही. गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख भरावी, असे सांगितले आहे. (आपण ‘शिसे’ म्हणतो, मूळ शब्द ‘त्रपु’ म्हणजे कथील. कानाला त्याचा फरक काय पडणार म्हणा!) असे सांगणाऱ्या भाषेविषयी माणसाच्या मनात अढी बसली तर त्याला दोष कोण देईल? आम्ही तेव्हा दादांशी वाद घातला नाही. संध्याकाळी ऊन कलल्यावर पोरीला आणि शेजारच्या पाच-सहा मुलांना लिंबाखाली बसवले आणि वहीच्या कागदाच्या पट्ट्या फाडून प्रत्येकाच्या हातात दिल्या. वाचकहो, तो खेळ तुम्हीही घरी करून पाहा. संस्कृतची वर्णमाला समजायला त्याहून सोपा रस्ता आम्हाला ठाऊक नाही.

पट्टी तोंडापुढे धरा आणि ‘क’ म्हणा. पट्टी जेमतेम हलते. आता ‘ख’ म्हणा. पट्टी फडफडते. ‘प’ आणि ‘फ’ म्हणून पाहा, तेच होते. (‘फ’ मात्र दोन्ही ओठ मिटून म्हणा, इंग्रजी ‘फॅन’मधला नको.) श्वास कमी तो अल्पप्राण, श्वास जोराचा तो महाप्राण. आता पट्टी ठेवा, दोन बोटे गळ्यावर धरा आणि ‘स’ लांबवा: स्‌स्‌स्‌. गळा गप्प असतो. मग ‘म’ लांबवा: म्‌म्‌म्‌. गळ्यात भुंगा गुणगुणल्यासारखे होते. गळा थरथरला तर तो वर्ण घोष, नाही थरथरला तर अघोष. ‘क’ अघोष आणि ‘ग’ घोष. दोन्ही निघतात एकाच जागेवरून, फरक फक्त गळ्याचा. आता ‘म’ म्हणत असताना नाक दाबा. आवाज कोंडतो. तो अनुनासिक.

एवढे तीन खेळ कळले की क-ख-ग-घ-ङ हे पाठांतर राहत नाही, तक्ता होतो. आमचा जन्म खतावणीत गेला, त्यामुळे आम्हाला तो ताळेबंदासारखा दिसतो. पाच आडव्या ओळी, पाच उभे रकाने. ओळी कशाच्या? तोंडातल्या जागांच्या. पहिली ओळ ‘क’ची. जिभेचे मूळ मागे घशाजवळ टेकते. हे कंठ्य वर्ण. दुसरी ‘च’ची, जिभेचा मधला भाग टाळूला लागतो, हे तालव्य. तिसरी ‘ट’ची, जिभेचे टोक वर वळून टाळूच्या माथ्याला लागते, हे मूर्धन्य. चौथी ‘त’ची, टोक दातांना, हे दंत्य. पाचवी ‘प’ची, ओठाला ओठ; हे ओष्ठ्य. आतून बाहेर, घशापासून ओठांपर्यंत क्रमाने चालत यायचे. रकाने कशाचे? पहिला साधा, दुसरा श्वासाचा, तिसरा गळा थरथरणारा, चौथा थरथर आणि श्वास दोन्हींचा, पाचवा नाकातला. पाच पाचे पंचवीस. एकही घर रिकामे नाही आणि एकही वर्ण चुकीच्या घरात नाही.

उरलेले वर्णही याच ओळींवर बसतात. ‘य’ टाळूचा, ‘र’ मूर्ध्याचा, ‘ल’ दातांचा, ‘व’ दात आणि ओठांचा. तीन ‘स’ आहेत तेही तसेच: ‘श’ टाळूचा, ‘ष’ मूर्ध्याचा, ‘स’ दातांचा. ‘ह’ घशातला. स्वरांतही अ कंठाचा, इ टाळूचा, उ ओठांचा. अ आणि इ मिळून ए, अ आणि उ मिळून ओ. ऋ मूर्ध्याचा स्वर आणि ऌ दातांचा. ऌ तर संस्कृतात एखाद्या शब्दापुरता उरला आहे. ‘अं’ आणि ‘अः’ हे मुळात स्वर नव्हेत. पहिला अनुस्वार, दुसरा विसर्ग. विसर्ग म्हणजे मागच्या स्वराचा हकारी पडसाद. ‘बुद्धः’ हा शब्द ‘बुद्धह’ असा म्हणायचा.

मराठी माणसाला संस्कृत वाचताना एक ठेच हमखास लागते, ती ‘च’ आणि ‘ज’ची. आपल्याकडे ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, ‘जेवण’मधला ज वेगळा, ‘जोर’मधला वेगळा. संस्कृतात यातला पहिलाच आहे, टाळूचा. दुसरा दातांकडे सरकलेला उच्चार तिथे नाही. मुलांना हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ चाक, चोर, चूल, चिंच म्हणत बसली. वहिनी चुलीपुढून ओरडल्या, “आरं, कुनाला चोर म्हनता?”

आता पोरीच्या ‘पानी’कडे येऊ. तक्त्यात ‘ण’ आणि ‘न’ दोन्ही पाचव्या रकान्यातले आहेत. एक ‘ट’च्या ओळीत, दुसरा ‘त’च्या. जिभेचे टोक बोटभर वर सरकवले की ‘न’चा ‘ण’ होतो. वर्गाने हसावे असे त्यात काय आहे? पण खरी गंमत पुढेच आहे. ‘पाणी’ हा मराठी शब्द आला कुठून? संस्कृत ‘पानीय’ या शब्दापासून. पिण्याजोगे ते पानीय. त्यात ‘न’ आहे! मराठीने त्या ‘न’चा ‘ण’ केला. म्हणजे ज्या संस्कृतच्या नावाने पोरीला हसले, त्या संस्कृतच्या जास्त जवळ तीच उभी होती. ‘बहीण’ घ्या. मूळ ‘भगिनी’, त्यातही ‘न’. ‘लोणी’चे मूळ ‘नवनीत’. ‘ण’चा पत्ता नाही. आता उलटे पाहा. ‘कर्ण’चा झाला ‘कान’, ‘पर्ण’चे झाले ‘पान’, ‘जीर्ण’चे झाले ‘जुने’. इथे संस्कृतात ‘ण’ होता आणि पुस्तकातल्या प्रमाण मराठीने त्याचा सरळ ‘न’ केला. ‘कान’ला अशुद्ध म्हणून कोणी हसले आहे काय? मग ‘पानी’लाच का?

आम्ही हे सांगितले तेव्हा पोरगी एकदम उठून उभी राहिली. “म्हंजी मी बरूबर होते?” आम्ही म्हटले, “बाळ, मराठीच्या पेपरात ‘पाणी’च लिहायचं, नाही तर गुण जातील. पण मान खाली घालायचं कारण नाही.”

याच्याही मागे एक मोठा साक्षीदार आहे. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात जे शिलालेख कोरले, ते लोकांना कळावेत म्हणून प्राकृतात, त्या त्या भागाच्या बोलीच्या वळणाने कोरले. ओडिशातले धौली आणि जौगड येथील लेख पूर्वेकडच्या वळणाचे आहेत. त्या बोलीत ‘ण’ नाही, सगळीकडे ‘न’च. शिवाय ‘र’च्या जागी ‘ल’, म्हणून तिथे ‘राजा’ हा ‘लाजा’ होतो. मगधाच्या दरबाराची भाषा याच वळणाची होती. पुढे आपल्याकडच्या महाराष्ट्री प्राकृतात उलटेच झाले. तिथे जवळपास प्रत्येक ‘न’चा ‘ण’ झाला. एक काळ सगळे ‘न’, दुसरा काळ सगळे ‘ण’. यातले शुद्ध कोणते हे वर्गातला हशा ठरवणार काय?

आणि स्वतःला शुद्ध म्हणवणारे तरी एकसारखे कुठे बोलतात? ‘ज्ञ’ म्हणजे ज् आणि ञ. महाराष्ट्रातले शास्त्री तो ‘द्न्य’ म्हणतात, काशीचे ‘ग्य’ म्हणतात. ‘ऋ’ इकडे ‘रु’ होतो, तिकडे ‘रि’. बंगालचे पंडित ‘अ’ जवळजवळ ‘ओ’सारखा म्हणतात. ‘श’ आणि ‘ष’ यांतला फरक तर नेहमीच्या मराठी बोलण्यात कोणाच्याच तोंडी उरलेला नाही. यांतल्या एकालाही कोणी बाकावर उभे करीत नाही.

दुसऱ्या दिवशी विहारात वंदना झाल्यावर हाच विषय निघाला, कारण तिथेही एक जुना वाद आहे: ‘शरणं’ म्हणायचे की ‘सरणं’? वर्णमाला ठाऊक असली की हा वाद मिनिटात सुटतो. पालीत तीन ‘स’ नाहीत, एकच आहे, दातांचा. म्हणून पालीत ‘सरणं’ आणि संस्कृतात ‘शरणं’. पालीत ऋ, ऐ, औ नाहीत, विसर्ग नाही. संस्कृत ‘बुद्धः’ पालीत ‘बुद्धो’ होतो. संस्कृत व्याकरणात वर्ण मांडायला पाणिनीची चौदा सूत्रे आहेत. पालीतले जुने व्याकरणकार कच्चायन एकूण ४१ वर्ण धरतात, आठ स्वर आणि तेहतीस व्यंजने. आपला लाडका ‘ळ’ या ४१ मध्ये आहे. वेदांच्या उच्चारात तो होता, पण पुढच्या संस्कृतच्या वर्णमालेत नाही. जोडाक्षरांचे पाहा: धर्म-धम्म, कर्म-कम्म, सूत्र-सुत्त, निर्वाण-निब्बान, भिक्षु-भिक्खु. आणि त्याच्या पुढची पायरी आपल्या चुलीपाशी आहे. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. भक्त, भत्त, भात. वहिनींना हे शेवटचे फार आवडले. भाताला ‘भक्त’ म्हणून त्यांनी दोन दिवस सगळ्यांना वाढले.

इथे एक गोष्ट आम्हाला आपल्याच बांधवांना सांगितली पाहिजे, राग आला तरी चालेल. मंचावरून काही वक्ते सांगतात की संस्कृत ही पालीनंतर बनवलेली भाषा आहे, कारण तिचे शिलालेख नंतरचे आहेत. शिलालेखांचे खरे आहे. गुजरातेत जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याला एकच मोठा खडक आहे. त्यावर अशोकाचे प्राकृत लेख आहेत, आणि सुमारे चारशे वर्षांनी, इ. स. १५० च्या सुमारास, त्याच खडकावर रुद्रदामन या क्षत्रप राजाने संस्कृतात मोठा लेख कोरला. पण दगडावर आधी कोरले म्हणजे तोंडाने आधी बोलले असे होत नाही. वेदांची भाषा शेकडो वर्षे पाठांतराने चालत आली आणि पालीपेक्षा ती जुनी आहे, हे भाषेच्या अभ्यासकांनी दोन्हींची रूपे ताडून दाखवले आहे. खोटा हिशोब मांडून आपली बाजू भक्कम होत नाही, हे खतावणीवाल्याला कोणी शिकवायला नको.

रात्री जेवणे झाल्यावर दादा स्वतःच बाजेवर येऊन बसले. म्हणाले, “बाबासाहेबांना तरी शिकू दिली का संस्कृत?”

नाही शिकू दिली. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. पण त्यांनी त्या भाषेकडे पाठ फिरवली काय? ते स्वतःच्या बळावर संस्कृत शिकले. १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडे त्यांनी अर्ज केला, त्यातही संस्कृत शिकण्याचा बेत होता. १९४६ साली शूद्रांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध करताना त्यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे लिहिले की आपण संस्कृतचे पंडित नाही, पण इंग्रजी भाषांतरांतून पंधरा वर्षे हे वाङ्मय अभ्यासले आहे आणि तेवढे या विषयाला पुरेसे आहे. धर्मग्रंथांतले शब्द धरून त्यांनी ग्रंथकारांना जाब विचारला. आणि १९४९ च्या सप्टेंबरात, देशाची राजभाषा कोणती हा प्रश्न घटना समितीपुढे असताना, संस्कृतला राजभाषा करावे या दुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्यांत बाबासाहेब होते. हे ऐकून आपल्यातले पुष्कळ लोक चकित होतात. पाली त्यांनी सोडली नव्हतीच. त्यांनी तयार केलेले पालीचे व्याकरण आणि शब्दकोश त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापले आहेत.

दादा गप्प होते. आम्ही त्यांना प्रा. कुमुद पावडे यांच्याविषयी सांगितले. नागपूरच्या दलित कुटुंबातल्या या बाई संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या आणि संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अंतःस्फोट’ या पुस्तकात त्यांनी आपल्या संस्कृत शिक्षणाची हकीकत लिहिली आहे. नातलगांच्या अचंब्यापासून ते मुलाखतीतल्या कुत्सित हसण्यापर्यंत सगळे त्यात आहे. माहेरच्या सोमकुवर या आडनावाने त्यांना नोकरी मिळाली नाही. लग्नानंतर पावडे हे आडनाव लागले आणि मिळाली, हे त्यांनी लपवलेले नाही. पदवी तीच, उच्चार तेच, बदलले फक्त आडनाव! ही हकीकत सांगताना आमचा आवाज जरा चढला असावा, कारण पोरगी झोपेतून उठून दारात आली.

“मग कशाला जायाचं तिकडं?” दादा म्हणाले. “हसू करून घ्यायला?”

आम्ही म्हटले, “दादा, तुम्ही म्हणता ती त्यांची भाषा. पण अश्वघोषांनी तथागतांचे चरित्र लिहिले ते संस्कृतात, ‘बुद्धचरित’. नागार्जुनांनी शून्यवाद मांडला तो संस्कृतात. चंद्रगोमिन् नावाच्या बौद्ध पंडिताने संस्कृतचे व्याकरण रचले. ज्याचा कोश शास्त्र्यांची मुले शतकानुशतके पाठ करीत आली, तो अमरसिंहही बौद्ध होता असे मानतात. मग एवढे सगळे आपण कोणाच्या नावावर सोडून द्यायचे?”

आणि वर्णमालेचे तर विचारूच नका. ‘ललितविस्तर’ या संस्कृतातल्या बौद्ध ग्रंथात बालक सिद्धार्थ लिपीशाळेत जातो तो प्रसंग आहे. मुले एकेक अक्षर म्हणतात आणि त्या अक्षरातून एकेक धम्मविचार निघतो. ‘अ’ म्हणताच सारे काही अनित्य आहे हा. बौद्ध भिक्खूंबरोबर ही वर्णमाला हिंदुस्थानाबाहेर गेली. सिंहली, ब्रह्मी, थाई, तिबेटी मुले आजही आपल्यासारखीच ‘क’, ‘ख’पासून व्यंजने शिकतात. जपानच्या अक्षरांचा आकार वेगळा, पण पहिलीतले पोर जो क्रम घोकते तो आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. घशापासून ओठांपर्यंतचा हा रस्ता तिथे संस्कृत मंत्र शिकणाऱ्या भिक्खूंमुळे पोचला. आपली पोरगी मात्र त्या रस्त्याच्या तोंडाशी एका ‘ण’साठी अडवली जाते.

दादांनी यावर काही उत्तर दिले नाही. बराच वेळ लिंबाकडे पाहत बसले. मग बाजेखाली पडलेली संध्याकाळची एक कागदाची पट्टी उचलली, तोंडापुढे धरली आणि ‘ब’ म्हटले. मग ‘भ’ म्हटले. पट्टी फडफडली. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिले.

“त्यो अर्ज कुटं ठिवलाय?” त्यांनी पोरीला विचारले.

तिने तो उशीखालीच ठेवला होता. दादांनी सही करताना एक अट घातली: दर रविवारी विहारात पालीचा पाठही चुकवायचा नाही. शाळा जूनमध्ये सुरू झाली आणि तिने पूर्ण १०० गुणांचे संस्कृत घेतले. पहिल्या चाचणीत तिला २० पैकी १४ पडले. फोनवर म्हणाली, “काका, विसर्गात चार गेले.” आम्ही म्हटले, पुढच्या वेळी ‘बुद्धः’ म्हणताना शेवटचा ‘ह’ गिळू नकोस.